अवकाशयानाचा हप्ता

डोक्यावर घराचं कर्ज असलेल्या माणसाने शनिवारी संध्याकाळी करमणूक म्हणून आणखी एक कर्ज काढावं का, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. हे दुसरं कर्ज अवकाशयानाचं आहे. यान साधंच, मालवाहू. किंमत 3 कोटी 70 लाख 80 हजार क्रेडिट. 20 टक्के आधी भरायचे, मग दरमहा किमतीचा दोनशेचाळिसावा भाग, म्हणजे 1 लाख 54 हजार 500. असे 480 महिने. चाळीस वर्षांनी यान तुमच्या नावावर होतं, तोवर किमतीच्या 220 टक्के रक्कम गेलेली असते. आमच्यातला एक जण बँकेच्या कर्ज विभागात आहे. त्याने फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर आकडेमोड केली आणि म्हणाला, "साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतंय. आपल्या गृहकर्जापेक्षा स्वस्त आहे रे!" त्या क्षणापासून तो या खेळाकडे आदराने बघू लागला.

खेळाचं नाव ट्रॅव्हलर. 1977 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीने तो काढला, लिहिला मार्क मिलर यांनी. तीन छोट्या काळ्या पुस्तिका, त्यांत चित्रं जवळजवळ नाहीतच, तक्ते मात्र भरपूर.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला रेफरी किंवा जीएम म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि 'मी दार उघडतो', 'मी पळतो', 'मी त्याच्या हातात काहीतरी ठेवून त्याला गप्प करतो' असं बोलून दाखवतात. जमलं की नाही ते फासे ठरवतात. पट नसतो, सोंगट्या नसल्या तरी अडत नाही, आणि शेवटी कोणी जिंकत नाही. ही शेवटची गोष्ट ज्यांच्या घरी आम्ही बसतो त्या काकूंच्या गळी काही केल्या उतरत नाही.

"मग चार तास करता काय रे?"

"काकू, गोष्ट पुढे जाते."

"कुठे जाते?"

ट्रॅव्हलरच्या बाबतीत याचं प्रामाणिक उत्तर 'शेजारच्या ग्रहावर, माल उतरवायला' असं आहे. पण ते सांगितल्यावर चहा येईल याची खात्री नसते.

या जातीच्या खेळांत नाव झालं ते डंजन्स अँड ड्रॅगन्सचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 मध्ये आणला, आणि 2016 पासून 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेने तो आपल्या दिवाणखान्यात पोचवला. त्यामुळे आम्ही काय खेळतो असं कोणी विचारलं की पुढचा संवाद ठरलेला. "म्हणजे ते ड्रॅगनवालं?" "नाही, आमच्यात ड्रॅगन नसतो." "मग काय असतं?" "हप्ता असतो."

फरक इथेच आहे. ड्रॅगनवाल्या खेळात तुम्ही कोवळे, अननुभवी निघता आणि महावीर होऊन थांबता. ट्रॅव्हलरमध्ये तुम्ही निवृत्त होऊन सुरुवात करता. आणि असे आडबाजूचे विज्ञानकथेतले खेळ खेळता खेळता माझं मत पक्कं होत गेलं आहे की ते लिहिले अमेरिकनांनी असले तरी खरे जमतात ते नोकरी, पेन्शन आणि हप्ते यांत वाढलेल्या मराठी मध्यमवर्गाला. तलवार हातात दिली तर आम्ही बावचळतो. फॉर्म हातात दिला की आमचे हात आपोआप पेन शोधतात.

ट्रॅव्हलरमधला माणूस घडतो कसा ते बघा. वय 18. नौदल, मरीन, सेना, स्काउट, व्यापारी जहाजं किंवा नुसतंच 'इतर', यांपैकी एकीकडे अर्ज करायचा. फासे टाकायचे. घेतलं तर उत्तम, नाही घेतलं तर सक्तीची भरती आहेच. मग चार-चार वर्षांच्या टर्म. दर टर्मला फासे: बढती मिळाली का, काही शिकलात का, पुढे ठेवून घेतलं का. पण सगळ्यात आधी टाकायचा फासा म्हणजे जगलात का. नाही जगलात तर मेलात. खेळ अजून सुरू झालेला नाही, चहाचा पहिला कप संपलेला नाही, आणि तुमचं पात्र गेलेलं असतं. स्काउटची नोकरी घेतली तर दोन फाशांवर मिळून 7 किंवा जास्त पडावे लागतात. अंगात विशेष काटकपणा नसेल तर शंभरातले बेचाळीस जण दर चार वर्षांनी खर्ची पडणार, असा त्याचा अर्थ. आमच्यातला सॉफ्टवेअरवाला हट्टाने स्काउटच घेतो. बाकीचे आपापल्या पात्रांना आयुष्य देत असतात तेव्हा तो कोपऱ्यात बसून अंत्यविधी उरकत असतो.

शिकायच्या कौशल्यांत बंदूक, वैद्यकी, यान चालवणं हे सगळं आहे. शिवाय एक आहे 'ॲडमिन', म्हणजे सरकारी कागद अडला की सोडवायचा कसा. आणि दुसरं चक्क लाच देण्याचं. मोजून, आकड्यात. आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला साम्राज्य पसरलेलं असताना खिडकीपलीकडचा माणूस तोच आहे, हे ओळखणाऱ्या लेखकाला मी दाद देतो.

वयाच्या चौतिसाव्या वर्षापासून ताकद, चपळाई आणि दम यांना उतार लागतो, त्याचेही फासे. मात्र पाच टर्म, म्हणजे वीस वर्षं सेवा झाली की पेन्शन. वर्षाला 4 हजारांपासून, पुढच्या प्रत्येक टर्मला 2 हजारांची वाढ. स्काउट आणि 'इतर' यांना पेन्शन नाही. हा तक्ता दिसल्यावर बँकवाल्याने नौदल धरलं ते सातव्या टर्मपर्यंत सोडलं नाही. खेळ सुरू झाला तेव्हा त्याचा नायक 46 वर्षांचा होता, गुडघे गेलेले, दम लागलेला, पण वार्षिक 8 हजार बांधलेले. सोबतीला यानाचा हप्ता, दीड लाखाच्या वर, तोही महिन्याला.

ड्रॅगन मारला की पात्राचा अनुभव वाढतो, वरची पायरी मिळते. इथे तसं काही नाही. नवीन काही शिकायचं तर चार वर्षांचा अभ्यासक्रम लावून घ्यायचा. नोकरी सांभाळून.

आता धंद्याचं गणित. आमच्या यानात 82 टन माल मावतो, टनाला भाडं हजार. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायला आठवडा, माल उतरवून नवा भरायला आठवडा, म्हणजे महिन्यात दोन खेपा. पोटभर माल मिळाला तर 1 लाख 64 हजार. हप्ता जाऊन उरले साडेनऊ हजार. वैमानिकाचा पगार 6 हजार, इंजिनिअरचा 4 हजार. झाले उणे पाचशे. इंधन अजून धरलेलं नाही.

म्हणून प्रवासी घ्यायचे. उंची प्रवासी 10 हजार देतो, मधला 8 हजार, आणि ज्याच्याकडे हजारच आहेत त्याला गोठवून फडताळात ठेवायचं आणि पोचल्यावर वितळवायचं. यातला प्रत्येक जण जागा होतोच असं नाही. पुस्तकात यावर एक रिवाज दिला आहे: निघताना गोठणाऱ्या प्रवाशांनी पैसे काढून पैज लावायची की आपल्यातले किती जण वाचतील. ज्याचा अंदाज बरोबर त्याला सगळी रक्कम. आणि बरोबर अंदाज केलेलाच नेमका मेला असेल तर रक्कम कप्तानाला. हा नियम वाचून आमच्यातल्या वकीलबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "यानावर डॉक्टर कप्तानाच्या पगारावर असतो ना?"

अशा वातावरणात साहसाला वाव कुठून मिळणार? रेफरीने रात्री जागून एका ओसाड ग्रहावर परग्रहवासीयांचं प्राचीन नगर उभं केलं. नकाशा काढला, शिलालेख तयार केला. आम्ही विचारलं, तिथून परतीचा माल काय मिळतो? तो म्हणाला, विश्वाचं रहस्य. त्याचं टनामागे भाडं किती, हे त्याला सांगता येईना. आम्ही पुढे गेलो. हप्ते न भरता यान घेऊन परागंदा होण्याची सोय नियमांत आहे, आणि मागे वसुलीवाले लागण्याचेही फासे आहेत. पण बँकवाल्याने तत्त्वाचा प्रश्न केला. खोट्या बँकेचं खोटं कर्जही तो बुडवू देईना.

कागदांची आमची ही हौस खरी फळाला आली ती दुसऱ्या एका खेळात. पॅरानोईया हा खेळ 1984 साली आला. तेच साल निवडण्यात अर्थ असावा. ग्रेग कॉस्टिक्यान, डॅन गेल्बर आणि एरिक गोल्डबर्ग हे त्याचे कर्ते. बंदिस्त नगर, अल्फा कॉम्प्लेक्स नावाचं, तिथे एका संगणकाचं राज्य. संगणक तुमचा मित्र आहे. सुखी असणं सक्तीचं आहे, सुखी नसणं हा राजद्रोह. प्रत्येकाला रंगाने हुद्दा दिलेला: सगळ्यात खाली इन्फ्रारेड, मग लाल, नारिंगी, पिवळा असं चढत वर अल्ट्राव्हायोलेट. तुमचा रंग लाल असेल आणि समोरची मार्गिका पिवळी रंगवलेली असेल तर तिच्यावर पाय ठेवायचा नाही. संगणक तुम्हाला पाठवतो लपलेले म्यूटंट आणि गुप्त संघटनांचे सभासद हुडकायला. गंमत अशी की खेळणारा प्रत्येक जण स्वतः म्यूटंट असतो, आणि एका गुप्त संघटनेचा सभासदही. प्रत्येकाचे सहा क्लोन. एक उडवला की दुसरा हजर, आधीच्याचा राग मनात घेऊन.

सगळ्यात कडी म्हणजे खेळाचे नियम माहीत असणं हाच राजद्रोह आहे. एरवी प्रत्येक कंपूत एक जण असतो जो पानाच्या आकड्यासकट नियम सांगतो. आमच्याकडे ते काम वकीलबाई करतात. पॅरानोईयात त्यांनी तोंड उघडलं की क्लोन गेला. त्यांची पहिली तीन आयुष्यं 'पण नियमाप्रमाणे' या दोन शब्दांवर संपली. चौथ्या आयुष्यात त्या इतक्या अडाणी झाल्या की आम्हालाच त्यांची भीती वाटू लागली.

कामगिरी साधी होती: गेलेला दिवा बदलायचा. दिवा नारिंगी मार्गिकेत, आम्ही सगळे लाल. नारिंगीत शिरायला परवानगी हवी, परवानगीच्या कागदावर नारिंगी सही हवी, नारिंगी साहेब मार्गिकेच्या पलीकडे. आमच्यातले शाळामास्तर एरवी फासे टाकताना चाचरतात. इथे मात्र त्यांना कंठ फुटला. तीस वर्षं त्यांनी शिक्षण खात्याशी पत्रव्यवहार केला आहे. त्यांनी 'वरील विषयास अनुसरून' अशी सुरुवात करून संगणकाला तोंडी अर्ज केला, त्यात सगळ्यांची नावं गोवली, खाली 'माहितीस्तव सादर' म्हटलं, आणि आमच्यातले दोघे जागच्या जागी खलास झाले. दिव्यापर्यंत कोणीच पोचलं नाही. दिवा घेतल्याची पोच कोणी द्यायची यावर उरलेले क्लोन संपले. रेफरी म्हणाला, हा खेळ इतक्या मनापासून खेळलेला त्याने पाहिला नव्हता.

काही खेळांबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण ते थोडक्यात खेळताच येत नाहीत. लीडिंग एज गेम्स या कंपनीने 1986 मध्ये फिनिक्स कमांड काढला. त्यात वेळ अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने मोजतात आणि गोळी शरीरात नेमकी कुठून कुठे गेली ते तक्त्यात शोधतात. याच कंपनीने पुढे 1991 मध्ये 'एलियन्स' चित्रपटावरचा खेळ केला. सॉफ्टवेअरवाल्याने तो आणला होता. एलियन खोलीत शिरला तेव्हा आम्ही तक्ता उघडला, आणि जेवणाची पानं वाढेपर्यंत तो उंबऱ्यातच होता.

आता वाफेकडे येऊ. स्टीमपंक म्हणजे इतिहास वाफेवरच थांबला असता आणि तरी माणूस मंगळावर पोचला असता तर, या कल्पनेचा संसार. पितळी नळ्या, दंतचक्रं, गॉगल, टोप्या. 1888 साली पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसमधून ज्याने पाऊण आयुष्य ये-जा केली आहे त्याला यातली चित्रं फारशी अद्भुत वाटत नाहीत. फक्त गर्दी कमी वाटते.

यातला मानाचा खेळ स्पेस: 1889. तोही ट्रॅव्हलरवाल्या कंपनीचा, 1988 चा, फ्रँक चॅडविक यांचा. यात थॉमस एडिसन 1870 मध्येच ईथरमधून प्रवास करणारं यान बांधून मंगळावर जाऊन येतो. मंगळावर कालवे आहेत, जुनी नगरं आहेत, हवेत तरंगणारं लाकूड आहे आणि त्याची उडती जहाजं आहेत. शुक्रावर डायनोसॉर आहेत. मागोमाग युरोपातल्या सत्ता तिथे वसाहती करतात. पुस्तकाची अपेक्षा अशी की तुम्ही मिशा पिळणारे ब्रिटिश कॅप्टन व्हावं, संशोधक व्हावं, मंगळवासीयांना थोडी शिस्त लावावी.

इथे आमची पंचाईत झाली. कल्पना उत्कृष्ट, नकाशे देखणे, पण 1889 म्हटल्यावर आम्हाला मिशावाला कॅप्टन आठवेना. त्या साली डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं, विल्यम वेडरबर्न अध्यक्ष होते, हे शाळामास्तरांना तोंडपाठ. त्यामुळे आमची ब्रिटिश तुकडी मंगळावर उतरली आणि तासाभरात मंगळवासीयांच्या बाजूला गेली. कालव्याच्या पाणीपट्टीविरुद्ध सभा झाली. ठराव मांडला गेला, त्याला अनुमोदन मिळालं. तरंगत्या लाकडाच्या निर्यातीवर वकीलबाईंनी मंगळाची संपत्ती पृथ्वीवर कशी वाहून नेली जाते याचं दादाभाईंना शोभेल असं विवेचन केलं. रेफरीने आणलेल्या लढाईला कोणी गेलंच नाही. मला विचाराल तर हा खेळ असाच खेळावा. त्याच्या लेखकाने जग इतकं नीट उभं केलं आहे की ते बाजू बदलली तरी कोसळत नाही, आणि खेळ चांगला असल्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

कॅसल फाल्केनस्टाइन त्याहून नाजूक. माइक पॉन्डस्मिथ यांचा, 1994 चा. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने फाल्केनस्टाइनचा किल्ला बांधायचा बेत केला होता, तो कधी बांधला गेला नाही. 1886 मध्ये राजा सरोवरात मृतावस्थेत सापडला. खेळात राजा जिवंत, किल्ला उभा, शिवाय परी, ड्रॅगन आणि वाफेची यंत्रं. (ड्रॅगन नसतो, असं मी आधी म्हटलं ते एवढं सोडून.) खानदानी मंडळी फाशांना हात लावत नाहीत, म्हणून यात पत्ते. तक्त्यांचा कागदही नको, पात्राने रोजनिशी ठेवायची. प्रत्येक रंगाचं क्षेत्र वेगळं: किलवर अंगमेहनतीचा, बदाम भावनांचा, चौकट बुद्धीची आणि इस्पिक समाजातल्या वजनाचा. कामाला जुळणारा रंग टाकला तर पानाची पूर्ण किंमत, नाही तर एकच गुण.

पत्ते दिसताच काकू पदर खोचून आल्या. "आता कसं! रमी का?" नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. समजावून दिल्यावर त्या एका विधवा सरदारणीच्या भूमिकेत शिरल्या. लाजत वगैरे नाही. या बाबतीत मराठी माणूस लाजाळू असतो हा गैरसमज आहे. ड्रॅगनवाला खेळ निघाला त्याच 1974 साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप होऊन. काकूंनी तर नावही बदललं नाही. प्रशियाच्या राजदूताला त्यांनी बसायला सांगितलं, त्याच्या घरी कोण कोण असतं ते विचारलं, धाकट्या बहिणीचं कुठे जमलं का ते विचारलं, आणि इस्पिकचा राजा टाकून युद्ध टाळलं. आमच्या हातात तेव्हा नुसते किलवर होते.

हे सगळं वाचून कोणाला खेळावंसं वाटलं, तर ट्रॅव्हलरने सुरुवात करू नका. कर्ज नंतरही काढता येतं. जॉन हार्पर यांचा 2013 चा लेझर्स अँड फीलिंग्ज फुकट मिळतो आणि सगळे नियम एका पानात मावतात. 2 ते 5 मधला एक आकडा निवडायचा. यंत्राचं, तर्काचं काम असेल तर फासा त्या आकड्याच्या खाली पडायला हवा, माणसाचं, मनाचं काम असेल तर वर. म्हणजे एका बाजूला जेवढे पक्के, तेवढेच दुसऱ्या बाजूला कच्चे. बँकवाल्याने 5 घेतला. इंजिन त्याने झोपेत दुरुस्त केलं, पण रडणाऱ्या परग्रहराणीची समजूत काढायला त्याला 6 च पडायला हवा होता. त्याच्या बायकोने, हा आकडा आपल्याला लग्नापासून माहीत आहे, असं स्वयंपाकघरातून सांगितलं.

पानाची छापील प्रत काढा, सापशिडीच्या डब्यातले फासे घ्या, आणि शनिवार ठरवा. जमतील त्या चौघांपैकी एक जण आयत्या वेळी 'ऑफिसात अडकलोय' असा मेसेज टाकणार हे धरून पाच जणांना बोलवा.